उजवीकडचा इंडिकेटर

पोलादपुरात फिजिओथेरपीवाल्याच्या गल्लीकडे गाडी वळवताना हलिमाने इंडिकेटर दिला होता. नेहमीसारखाच, गल्लीच्या बराच अलीकडे. टिकटिक तिने कानांनी ऐकली होती, स्टिअरिंगमागचा हिरवा बाण डोळ्यांनी पाहिला होता. भाद्रपदातली दुपार होती, पण आभाळ इतकं भरून आलं होतं की तिने गाडीचे दिवे लावले होते आणि वायपरही चालू होता. तिने ब्रेक दाबला, समोरून येणारा टेम्पो जाऊ दिला आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. तेवढ्यात उजव्या दाराशी काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला आणि एक मोटरसायकल बॉनेटसमोरून आडवी घसरत कडेच्या खडीत जाऊन पडली.

ती घाईने गाडीतून उतरली. मोटरसायकलवाला उठून बसला होता. पंचविशीतला असेल. डोक्यावर हेल्मेट होतं ते बरं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो नुसता "हात, हात" म्हणत होता. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातले दोघं धावत आले. त्यांनी त्याला हलिमाच्याच गाडीत मागे बसवलं आणि तिने ती तशीच सरकारी दवाखान्यात नेली.  गाडी तिथवर कशी नेली, हे तिला नंतर आठवेना.

मुलाचं नाव बुद्धरत्न. राहणारा उमरठचा, महाडला एमआयडीसीत कामाला, पहिली पाळी संपवून घरी निघालेला. मनगटाचं हाड मोडलं होतं, बाकी खरचटण्यावर निभावलं होतं. डॉक्टर प्लास्टर घालत असताना हलिमा बाजूला उभी राहून मनातल्या मनात दुआ म्हणत होती. प्लास्टर झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "चाची, तुम्ही इंडिकेटर दिलाच नाय."

"दिला होता रे बाळा."

"नाय दिला. मी मागंच होतो ना."

तेवढ्यात हलिमाचा नवरा मुराद रिक्षातून उतरून काठी टेकत आत आला. त्याला फिजिओथेरपीवाल्याकडे सोडून ती बाजारात गेली होती आणि तो तिचीच वाट पाहत बसला होता, तिथे कुणीतरी त्याला कळवलं होतं. तो आला तोच मोठ्या आवाजात. सव्वीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवलेला माणूस. अर्धांगाचा झटका येऊन डावा हात आणि डाव्या बाजूची नजर अधू झाली तरी आवाज तेवढाच राहिला होता.

"माझी बायको इंडिकेटर दिल्याशिवाय वळत नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी शिकवलंय तिला. पोरगं खोटं बोलतंय."

बुद्धरत्नची आई, आनंदीबाई, शेजाऱ्याच्या रिक्षातून नुकतीच येऊन पोचली होती. डोक्यावरचा पदरही ओलाच होता. ती मुरादसमोर उभी राहिली. "माझा पोरगा गाडी येड्यावानी हाकत असंल, दादा," ती म्हणाली. "ते मी नाय म्हणत नाय. पण खोटं नाय बोलत तो."

 पोलिसांत कुणी गेलं नाही. हलिमाने मोटरसायकल हार्डवेअरवाल्याच्या दारात नीट लावून घेतली, मायलेकांना रिक्षात बसवून दिलं आणि मुरादला घेऊन ती महाडला घरी आली. 

जेवायला बसल्यावर त्याने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून विचारलं, "आता घरातल्या घरात सांग. खरंच दिला होतास?"

हलिमाला वाटलं, थप्पड मारली असती तर बरं. दवाखान्यात सगळ्यांसमोर तो तिच्या बाजूने उभा राहिला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता कळलं की त्याचाही विश्वास नव्हता. नुसती इज्जत राखली होती.

"दिला होता," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

गाडी चालवायला ती पन्नाशीनंतर शिकली होती. मुरादला झटका आला तेव्हा मुलगा उझैर कतारला, सून तिकडेच. गाडी दारात उभी आणि नवरा खाटेवर. डॉक्टर म्हणाले, व्यायाम चुकवू नका, आणि चांगला व्यायाम करवून घेणारा माणूस पोलादपूरला. एसटीत चढणं मुरादला जमेना. मग एक दिवस तोच म्हणाला, बस ड्रायव्हरच्या सीटवर. तो बाजूला बसून शिकवायचा. क्लच सोडताना गाडी गचका खाऊन बंद पडली की ओरडायचा, आणि नीट चालली की खिडकीबाहेर बघत बसायचा. शाबासकी द्यायची ती त्याची तऱ्हा. मोहल्ल्यातल्या बायका आधी हसल्या, मग दवाखान्यात, बाजारात, लग्नाला जायचं असलं की "हलिमाभाभी, येऊ का तुमच्यासोबत" विचारू लागल्या. तिची बहीण दासगावला, आता तिच्याकडे मनात आलं की जाता येत होतं. तिच्या आयुष्यात इतक्या उशिरा, इतकं मोकळं असं दुसरं काही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुरादला हात धरून अंगणात घेऊन गेली. "मागे उभे राहा आणि बघा."

ती गाडीत बसली, चावी फिरवली, इंडिकेटरची दांडी खाली ओढली.

"लागतोय," मुराद म्हणाला.

डावीकडचा लावला. तोही लागला. पुढे येऊन पाहिलं, पुढचेही दोन्ही ठीक. चारी दिवे नव्यासारखे उघडझाप करत होते. मुराद काठी टेकत घरात निघून गेला.

मग ती गाडी घेऊन अश्विनकडे गेली. अश्विन वायरमन, हायवेजवळ त्याचं छोटं गॅरेज, गाड्यांच्या वायरिंगचं काम सगळं महाड त्याच्याकडेच आणतं. त्याने चारी बल्ब काढून पाहिले, त्यांच्या खोबणी पॉलिशपेपरने घासल्या. फ्यूज पाहिला. स्टिअरिंगखालचं झाकण उघडून दांडीची वायर हलवून हलवून बघितली. दिवे ज्याच्यामुळे उघडझाप करतात तो फ्लॅशर जुना आहे म्हणाला आणि बदलून टाकला. शेवटी हात पुसत त्याने सांगितलं, "भाभी, गाडी एकदम ओके हाय. फ्लॅशर पण उगाच बदलला म्हणायचा, जुना चालत होता."

याहून वाईट बातमी तो देऊ शकला नसता. गाडीत काही बिघडलेलं असतं तर ती दुरुस्त करून मोकळी झाली असती. गाडी चांगली आहे म्हटल्यावर बिघडलं होतं ते कोण, हे उघडच होतं.

तिने गाडी दारात लावली आणि चावी कपाटात ठेवली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ती स्वतःवर पहारा ठेवू लागली. गॅस बंद केला की नाही ते बघायला अंगणातून परत फिरायची. नमाजाला उभी राहिली की किती रकात झाल्या याबद्दल मनात गोंधळ व्हायचा, जो आयुष्यात कधी झाला नव्हता. तिच्या आईला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. तिचीही सुरुवात अशीच झाली होती, छोट्या गोष्टींतून. हिरवा बाण पाहिला होता, टिकटिक ऐकली होती, असं ती स्वतःला सांगायची. मग मनच विचारायचं, त्याच दिवशी ऐकली होतीस ना? की रोज ऐकतेस म्हणून वाटतंय? खरंच, रोजच्या गोष्टीचं असंच असतं. ती केली की नाही, हे कुठल्या दिवसाच्या आठवणीवरून सांगायचं?

उझैरचा फोन आला. त्याला कुणीतरी कळवलं होतंच. "अम्मी, गाडी विकून टाक. आता तुझं वय हाय का हे करायचं? अब्बांना रिक्षा लावून देऊ महिन्याची."

"बघू," ती म्हणाली.

मुरादचा व्यायाम दोनदा बुडाला. रिक्षावाला कधी यायचा, कधी यायचा नाही. मुराद तक्रार करत नव्हता, हे जास्त लागत होतं. तो भिंतीला धरून एकटाच अंगणात फेऱ्या मारायचा आणि गाडीपाशी आला की जरा थांबायचा.

शेवटी एका सकाळी हलिमाने सफरचंदं घेतली, मुरादला चहा करून दिला आणि सांगितलं, "उमरठला जाऊन येते. त्या पोराला बघायला."

"कशाला? आपण गेलो म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं."

"पोराचा हात मोडलाय. बघायला जायला कबुली कशाला लागते?"

पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून पुढे शेअर रिक्षा. पाऊस थांबलेला, दोन्ही बाजूला भात पोटरीला आलेलं. बौद्धवाडीत बुद्धरत्नचं घर विचारावं लागलं नाही. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून तो ओटीवरच बसला होता. तिला बघून उठू लागला.

"बस रे, बस," ती म्हणाली.

आनंदीबाई आतून आली. चेहरा घट्ट, पण तिने पाण्याचा तांब्या आणला, बसायला चटई टाकली. हलिमाने सफरचंदं पुढे ठेवली. हात कसा आहे, दुखतो का, झोप लागते का, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "मला भांडायचं नाय रे. तू म्हणतोस ते खोटं, असं पण म्हणायचं नाय. मला फक्त तू काय पाहिलंस ते सांग. जसं दिसलं तसं. मी काय करत होते ते माझं मलाच समजेना झालंय."

त्याने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग हळूहळू सांगू लागला.

"तुम्ही पुढं होता. गाडी हळू झाली. डाव्या बाजूचा लाल दिवा लख्ख पेटला. उजव्या बाजूचा मेल्यासारखा. लाल म्हणावा तर लाल नाय, पिवळा म्हणावा तर पिवळा नाय, नुसतं काहीतरी धुगधुगत होतं. मला वाटलं, डावीकडं बाजूला घेताय, थांबायला. मग टेम्पो गेला, मी उजवीकडनं काढली."

"उजवीकडचा लाल दिवा पण नीट पेटला नाय?"

"नाय ना. तेच सांगतोय."

"आता जाऊ दे ते," आनंदीबाई मध्येच म्हणाली. "मी याला रोज म्हणते, तुझंच ध्यान नव्हतं. गाडी घेतल्यापासनं जमिनीवर नाय हा."

बुद्धरत्नने मान खाली घातली. आईशी तो वाद घालून दमला असावा.

परतताना पोलादपूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत हलिमा बसली होती, तेव्हा त्याचं बोलणं तिच्या डोक्यात फिरत होतं. लाल दिवा. डावा लख्ख, उजवा मेलेला. आणि एकदम ती ताठ बसली. शेजारची बाई तिच्याकडे बघू लागली इतकी.

इंडिकेटर द्यायला माणूस विसरू शकतो. पण ब्रेकचा एकच दिवा लावायला कोण विसरतं? ब्रेकवर पाय ठेवला की मागचे दोन्ही लाल दिवे लागतात. आपोआप. त्यात तिच्या आठवणीचा काही संबंधच नव्हता. आणि पोराला मनचं सांगायचंच असतं, तर इंडिकेटर दिला नाही एवढ्यावर भागलं असतं. लाल दिव्याचं कशाला सांगेल?

एसटीत तिला बसायला जागा मिळाली होती, पण ती सगळी वाट पुढच्या दांड्याला धरून अशी बसली होती की जणू गाडी तीच चालवते आहे.

घरी पोचल्यावर बुरखाही न काढता ती कपाटाकडे गेली आणि चावी घेतली. "चला बाहेर."

"काय झालं?"

"मागे उभे राहा. त्या दिवशी मी जे जे केलं ते सगळं करणार हाय. एक पण गोष्ट सोडणार नाय. तुम्ही नुसतं बघा आणि बोला."

मुराद काठी घेऊन गाडीमागे जाऊन उभा राहिला. हलिमा आत बसली. डोळे मिटून तिने ती दुपार समोर आणली. आधी दिवे. तिने दिवे लावले. पाऊस होता, वायपर. तिने कोरड्या काचेवर वायपर चालू केला, तो करकरू लागला.

"वायपर कशाला?" मागून आवाज आला.

"त्या दिवशी चालू होता म्हणून. आता इंडिकेटर."

"लागला. चांगला लागतोय."

टिकटिक, टिकटिक. एका लयीत. मग तिने पाय उचलला आणि ब्रेकवर दाबून ठेवला.

टिकटिक बदलली. घाईला आली, एखादं माणूस धापा टाकतं तशी. तिच्या अंगावर काटा आला. हीच. त्या दिवशी ऐकलेली टिकटिक हीच होती, तेव्हा समोरच्या टेम्पोकडे लक्ष असताना कानावर पडलेली.

मागून मुरादचा काहीच आवाज येईना.

"अहो? काय दिसतंय?"

"बंद झाला," मुराद म्हणाला. मग ओरडलाच, "हलिमा, बंद झाला गो! पाय काढ."

तिने पाय काढला.

"लागला! ठेव परत."

तिने ठेवला.

"गेला! लाल पण गेला, बघ, डावा लख्ख हाय, उजवा नुसता काजव्यासारखा." तो काठी आपटत बाजूला आला, खिडकीशी वाकला. त्याचा चेहरा असा झाला होता की हसावं की रडावं हे त्यालाच ठरवता येत नव्हतं. "काढ. ठेव. परत काढ."

किती वेळ ते दोघं तसं करत होते कुणास ठाऊक. शेजारचा कुणी कुंपणावरून डोकावून गेला. पाय ठेवला की विझायचा, काढला की लागायचा, आणि दर वेळी मुराद लहान मुलासारखा ओरडून सांगायचा. मग हलिमाने गाडी बंद केली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडू लागली. मोठ्याने, मोकळं. किती दिवसांनी तिच्या छातीवरून कुणीतरी पाटा उचलून बाजूला ठेवला होता.

मुराद खिडकीपाशी उभाच होता. त्याने आपला चांगला हात आत घालून तिच्या डोक्यावर ठेवला.

"तू दिला होतास," तो म्हणाला.

"सांगत होते मी."

"सांगत होतीस. आणि मी तुला विचारलं. विचारायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी दोघंही अश्विनकडे गेले. मुरादने त्याला मागे उभं केलं आणि हलिमाला ब्रेक दाबायला सांगितलं. अश्विनने एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अर्थिंग!" तो म्हणाला. "चाचा, मी एकटाच तपासत होतो. ब्रेक दाबायला आत कोण नव्हतंच."

त्याने डिकी उघडून उजव्या दिव्याचा सगळा डबा बाहेर काढला आणि त्यांना दाखवलं. दिव्यातून आलेली वीज परत जायला एक काळी वायर असते, अर्थिंगची, ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली. त्या बोल्टभोवती बारीक वाळलेला चिखल होता आणि त्याखाली पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. दोन हजार एकवीसच्या पुरात सावित्रीचं पाणी मोहल्ल्यात आलं तेव्हा ही गाडी अर्धी बुडाली होती. सीट बदलल्या, इंजिन खोलून साफ केलं, पण या कोपऱ्यात कुणाचा हात गेला नव्हता.

"एका दिव्यापुरती वाट शिल्लक होती," अश्विन म्हणाला. "नुसता इंडिकेटर लावला की निभायचं. वरनं ब्रेकचा दिवा आला की दोघांना पुरायची नाय. मग ना हा धड पेटायचा, ना तो. आणि वळताना ब्रेक तर मारणारच माणूस."

"म्हणजे नेमकं लागायचं तेव्हाच बंद," मुराद म्हणाला.

"तेच तर."

अश्विनने गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, वायरचं टोक कापून नवं लावलं, बोल्ट बदलला, वरून ग्रीस फासलं. डावीकडचंही उघडून तसंच केलं. सगळ्याला चहा यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग हलिमाने ब्रेकवर पाय ठेवून इंडिकेटर लावला, आणि या वेळी मुराद आणि अश्विन दोघं एकदम ओरडले, "लागला!"

गॅरेजमधून निघताना हलिमा घराकडे वळणार होती, पण मुराद म्हणाला, "सरळ घे. उमरठला जायचं."

बौद्धवाडीत गाडी थांबली तशी दोन-चार जणं आपापल्या दारात आली. मुराद उतरला. बुद्धरत्न आणि आनंदीबाई ओटीवर येऊन उभे राहिले, दोघंही सावध. मुरादला पायऱ्या चढवेनात, म्हणून तो खालीच थांबला.

"जय भीम, ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुमच्या पोराला खोटारडा म्हटलं. चारचौघांत म्हटलं, म्हणून चारचौघांत सांगायला आलोय. पोरगं खरं बोलत होतं."

आनंदीबाईने त्याच्याकडे पाहिलं. "थांबा मग," ती म्हणाली आणि शेजारच्या घराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली. "तुळजाबाई! गो तुळजाबाई, ये जरा हिकडं. दादा काय सांगतात ते ऐक."

तुळजाबाई हात पुसत आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. मुराद जरा गोंधळला, पण त्याने पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा जास्त नीट, अर्थिंग आणि गंज आणि ब्रेक सगळं घेऊन. हलिमा गाडीत बसून ब्रेक दाबून दाखवत होती. आता दिवा लागत होता, त्यामुळे बिघाड कसा होता ते काही दाखवता येईना, आणि बायका म्हणाल्या, पेटतोय की चांगला. त्यावर सगळेच हसले. बुद्धरत्न सगळ्यांत जास्त हसला. हसताना त्याचा प्लास्टरचा हात दुखावला, तरी थांबेना.

"आई मला डोळे तपासायला घेऊन गेली होती," तो हलिमाला म्हणाला. "महाडला. डॉक्टर म्हणाला, नंबर नाय, काय नाय. तरी मलाच वाटायला लागलं होतं की मी बघितलंच नसेल. रोज इतक्या गाड्यांच्या मागं असतो आपण."

"मला वाटत होतं माझं डोकं चाललं," हलिमा म्हणाली. "गॅस बंद करून तीनदा बघायला जायची."

"मग दोघं पण खरं बोलत व्हतात," तुळजाबाई म्हणाली. हे तिला फार नवलाचं वाटलं असावं, कारण तिने ते घरी जाताना परत एकदा म्हटलं.

आनंदीबाईने चहा केला आणि दोघांना जेवल्याशिवाय सोडायला ती तयार नव्हती. हलिमाने व्यायामाची वेळ झाली म्हणून कसंबसं सोडवून घेतलं, तेव्हा तिने वेलीवरची चार शिराळी काढून मागच्या सीटवर टाकली. "हात बरा झाला की याची गाडी परत देईन म्हणते," ती हलिमाच्या कानाशी येऊन म्हणाली. "चावी डब्यात टाकून ठेवलीया मी. आता कशाला ठेवू?" तिचा चेहरा पहिल्या दिवसापासून असा सैल हलिमाने पाहिला नव्हता.

पोलादपूरला व्यायाम झाला. मुरादने आज खांद्याचा व्यायाम कुरकुर न करता केला. उझैरचा फोन आला तेव्हा तो घाम पुसत होता. गाडी विकायचं काय झालं, उझैरने विचारलं. "नाय विकायची," मुराद म्हणाला. "गाडीला काय झालंय? आणि तुझ्या अम्मीला पण काय झालेलं नाय." मग त्याने फोन ठेवून दिला, पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

महाडकडे निघाले तेव्हा आभाळ फुटून ऊन पडलं होतं. मुराद नेहमी वाटेत तिला सूचना द्यायचा, गिअर बदल, डावीकडे घे, ट्रकपासून लांब राहा. आज तो गप्प होता. तिने वळून पाहिलं तर मान टाकून झोपला होता, तोंड जरा उघडं. गाडी एका सुरात चालली होती. मागून येणारे ट्रक आपल्या वाटेने पुढे जात होते, आणि तिला कुणाची घाई नव्हती.

हायवेच्या कडेला एका टपरीवर भजी तळून निघताना दिसली. तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी बाजूला घेतली.

गाडी थांबल्यावर मुराद दचकून जागा झाला. "काय झालं? काय बिघडलं?"

"काय नाय बिघडलं," हलिमा पर्समधून रुमाल काढत म्हणाली. "भूक लागलीय मला. खूप भूक लागलीय. तुम्हाला मिरचीची आणू का कांद्याची?"